लाल चिमटा

सुनेचं वागणं सासूबाईंना पटत नव्हतं, आणि गच्चीचा जिना चढताना त्यांनी ते पायरीपायरीला ऐकवलं. घरात गोड्या पाण्याच्या बादल्या भरलेल्या असताना ही बाई गव्हाला मीठ कालवून पाणी पाजते. काही कुंड्यांना तर आठवड्यातून एकदा, तेही घोटभर. अन्नाचं रोप ते, त्याचे असे हाल. वर सांगते काय, तर हे माझं संशोधन.

आज मात्र सून कुंड्यांच्या मधोमध उभी राहून एकेक कुंडी वळवून पाहत होती.

"आई, कुंड्यांना लावलेले चिमटे कुठे गेले?"

"दोरीवर," सासूबाई म्हणाल्या. "चादरी उडत होत्या. अन् कुंड्या मीच कडेला सारल्या. गच्ची काय एकट्या गव्हाची आहे?"

दोरीवर लाल, निळे, पांढरे चिमटे चादरींना चावून बसले होते.

सून खालीच बसली. लाल चिमटा म्हणजे खारं पाणी, निळा म्हणजे अर्धपोटी, पांढरा म्हणजे पोटभर गोडं. अर्धपोटी रोपं लगेच ओळखू आली. खुरटलेली, माती ठणठणीत कोरडी. खारी रोपंही ओळखू येत होती. पानं शेंड्याकडून करपत आलेली.

सासूबाईंनी करपलेल्यांपैकी एका कुंडीत बोट खुपसलं. "माती तर ओली आहे. मग वाळलं कशाने?"

"मिठामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, आई. रोपं ओल्या मातीत उभी राहून तहानेने मरतात."

सासूबाईंनी बोट पुसलं.

"पण लालमधलं एक मेलं नव्हतं," सून म्हणाली. "तेवढंच खारं पिऊन हिरवंगार होतं. ओंबीसुद्धा भरत आली होती. चार वर्षं मी तेवढंच शोधत होते. आता ते या गोड्या पाण्याच्या रोपांत मिसळलंय. नऊ कुंड्या, नऊही सारख्या हिरव्या. खारेपणा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, आणि आज अकराला संस्थेचे मोठे साहेब बघायला येणार आहेत. दाखवता आलं नाही तर म्हणतील, करा बंद."

सासूबाई गुडघ्यावर हात देत खाली बसल्या. पहिल्या कुंडीतली चिमूटभर माती उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"आई! माती काय खाताय?"

"चार पोरांच्या वेळी चोरून खाल्ली. आज उघड खाते." त्या थुंकल्या. "गोडी. पाणी दे चूळ भरायला."

दुसरी गोडी. तिसरीही गोडी. चौथीला त्यांनी नाक मुरडलं, "हिला खत जास्त झालंय." पाचवी गोडी. सहाव्या कुंडीची माती जिभेवर टेकली मात्र, त्यांचा सगळा चेहरा गोळा झाला.

"ही घे तुझी. आख्खी बरणी उपडी केली होतीस काय हिच्यात?"

सुनेने खात्रीसाठी त्याच मातीची चिमूट आपल्या जिभेवर ठेवली. तिचंही तोंड वाकडं झालं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

सासूबाई उठल्या. दोरीवरचा एक लाल चिमटा काढला. चादर एका कोपऱ्याने लोंबायला लागली, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. चिमटा कुंडीच्या काठाला लावला, नीट बसला का ते हलवून पाहिलं. चुकलं, हा शब्द त्यांच्या तोंडी उभ्या जन्मात आला नव्हता. आजही आला नाही. त्यांनी रोपाच्या पानावरून, बुडापासून शेंड्यापर्यंत, एकदा बोट फिरवलं.

"तुझ्यावरच गेलंय हे," त्या सुनेला म्हणाल्या. "नऊ वर्षं माझं बोलणं पितेस, अन् एक पान पिवळं नाही."