पाटीभर भुसकट

सोयाबीन निघालं तसं शेजाऱ्यांनी भुसकटाला काडी लावली आणि मोकळे झाले. म्हातारा मात्र पाटीपाटीने ते परत रानात पसरत होता. कंबरेचा काटा ढिला झाला, तरी गडी थांबेना.

चहा घेऊन आलेली बायको बांधावरच टेकली. "अहो, पेटवा की एकदाचं! लोक हसतायत."

"अगं, हे कुजतं तेच मातीचं जेवण. जन्मभर हेच केलं ना आपण?"

"केलं, आणि हाडांची काडं झाली. पण उद्या खरेदीखत. जमीन दुसऱ्याची होणार. आता कुणासाठी मरताय?"

म्हाताऱ्याने घाम पुसला आणि पुढची पाटी उचलली.

"म्हणून तर. उपाशीपोटी कशी धाडू तिला?"