गच्चीवरचा टब

टबात घोट्याभर पाणी चढलं होतं, तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरी जयमालाबाई गच्चीवर आल्या आणि म्हणाल्या, "काका, थांबवा जरा."

श्यामसुंदरांनी नळ बंद केला. गिझरच्या पाण्याची वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली होती. चष्मा धोतरासारख्या सैल झालेल्या सदऱ्याला पुसत ते उभे राहिले. का थांबवायचं ते कळलं नव्हतं, पण कुणी थांबा म्हटलं की थांबायचं, ही आयुष्यभराची सवय.

चार माणसं बसतील एवढा गोल टब. आतल्या आत पाणी तापवणारा, घुसळणारा. त्यांची बायको अरुणाबाई संधिवाताने जखडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात बसवत जा. मुलाने, अभिरामने, ऑर्डर देऊन टाकली. घणसोलीतला त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, आणि त्याला लागून ही गच्ची. खालच्या फ्लॅटचं छत ते हेच.

"परवानगी काढलीत?" जयमालाबाईंनी विचारलं.

"काढायला गेलो होतो हो. बेलापूरला, एका कार्यालयात. पहिल्या टेबलावर म्हणाले, हा पोहण्याचा तलाव. कुंपण घाला, जीवरक्षक ठेवा. मी म्हटलं, पोहायचं नाही, बसायचंय. तर म्हणाले, मग ही पाण्याची टाकी, शेजारच्या टेबलावर जा. शेजारचे म्हणाले, उचलून हलवता येतो ना? मग सोफ्यासारखी वस्तू झाली. सोफ्याला कोण परवानगी मागतं?"

"मग आहे तरी काय हे?"

"तेच तर मी सगळ्यांना विचारतोय."

जयमालाबाईंनी टबाभोवती एक फेरी मारली. "शॉक-बिक लागला तर?"

"अर्थिंग केलंय. जरा काही झालं की स्विच आपोआप पडतो. झाकणाला कुलूप आहे."

"आणि वजन?"

"भरला की दीड टन. इंजिनिअर बघून गेला. पाय आपटून म्हणाला, बहुतेक चालेल. लिहून द्या म्हटलं, तर म्हणाला, लिहून देण्याइतकं नाही."

जयमालाबाई गोंधळल्या. सोसायटीचे नियम त्यांना तोंडपाठ होते. गच्चीवरच्या शेडचा होता, कुंड्यांचा होता, कबुतरांना दाणे टाकण्याचासुद्धा होता. याचा नव्हता. "असं करू," त्या म्हणाल्या, "खाली सुनयना राहते, तिला विचारू. तिची हरकत नसेल तर... बहुतेक चालेल." आणि स्वतःचाच शब्द ऐकून त्यांनी घाईघाईने फोन लावला.

सुनयना वर आली ती बाळाला खांद्यावर घेऊनच. महापेला नोकरी होती तिची, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. तिने टबात डोकावून पाहिलं. मग खुर्चीवर बसलेल्या अरुणाबाईंकडे पाहिलं. त्या सकाळपासूनच तयार होऊन, साडी जरा वर खोचून बसल्या होत्या.

"काकू, यानं बरं वाटेल ना तुम्हाला?"

"वाटेल म्हणतात गं."

"इथेच राहणार का हा?"

"इथेच," श्यामसुंदर म्हणाले. "इथून खालून बीम गेलाय म्हणे."

सुनयनाने खाली पायाशी पाहिलं. मनातल्या मनात ती काहीतरी जुळवत होती. "म्हणजे आमची बेडरूम. पाळणा तिथेच टांगलाय."

ती नाही म्हणणार, असं श्यामसुंदरांना वाटलं. म्हणू दे एकदाचं, असंही वाटून गेलं. निदान कुणीतरी काहीतरी पक्कं सांगितलं असतं.

"भरा काका तुम्ही," सुनयना म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. काकू उठताना-बसताना कण्हतात ते खाली ऐकू येतं मला. फक्त भरायच्या आधी एक फोन करत जा. मी बाळाला घेऊन तेवढा वेळ खाली बागेत बसत जाईन. रिकामा केलात की परत सांगा, मग येऊ आम्ही वर."

बोलण्यात टोमणा नव्हता. बाळाच्या पाठीवर थोपटत ती अगदी सरळ बोलत होती.

"झालं तर मग!" जयमालाबाई सुटल्यासारख्या म्हणाल्या. "हरकत नाही म्हणतेय ती. टेन्शन संपलं." आणि दोघी जिना उतरून गेल्या.

श्यामसुंदर उभेच राहिले. इतके दिवस हवी होती ती परवानगी आत्ता मिळाली होती. कुणी अडवलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. मग पुढे होऊन नळ सोडायला हात का धजत नाही, ते त्यांना उमगेना. त्यांनी खाली फरशीकडे पाहिलं, आणि नकळत दोन पावलं मागे सरकले.

मग ते खाली बसले आणि चाचपडत टबाच्या बुडाशी असलेलं बूच शोधू लागले.

"अहो, काय करताय?" अरुणाबाई म्हणाल्या. "हो म्हणाली ना ती?"

"हो म्हणाली," असं म्हणून त्यांनी बूच ओढलं.

पाणी फरशीवर पसरत, कोपऱ्यातल्या जाळीकडे निघालं. वाटेत अरुणाबाईंची खुर्ची होती. त्या येणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग चपला सारून त्यांनी दोन्ही पावलं त्या ओघात सपाट टेकवली.

"कोमट आहे हो," त्या म्हणाल्या.