वस्तीवरच्या मुलांची रिक्षा

"हा आकडा खोडा," केंद्रप्रमुख वीरभद्रप्पा म्हणाले, "आणि निरंक लिहा."

दाक्षायणीबाईंनी पेन खाली ठेवलं. मंद्रूपजवळच्या धनगरवस्तीवरच्या या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. नव्या नियमानं कमी पटाच्या शाळा बंद होऊन मुलं मोठ्या शाळेत जाणार होती. त्यापायी किती खर्च वाढेल, याचा अहवाल आज दुपारपर्यंत वर हवा होता. बाईंनी मुलांची मंद्रूपच्या शाळेत ने-आण करायला लागणाऱ्या रिक्षाचं वर्षाचं भाडं लिहिलं होतं. चुकलं काय त्यांचं?

चूक एवढीच, की खर्चाच्या रकान्यात खर्च लिहिला. तिथं निरंक लिहायची रीत आहे. निरंक गेलं की फाइल पुढं सरकते, आकडा गेला की शंकांचं शेपूट लावून परत येते. मग विचारायचं तरी कशाला, हे विचारायची सोय नाही.

"सगळ्या शाळांचं निरंक आलंय की. तुमचीच पोरं कोण लागून गेलीत?"

"सर, मध्ये हायवे आहे. ट्रक बघितलेत ना? चालत कशी जातील?"

"आईबाप सोडतील की."

"आईबाप मेंढरांमागं जातात हो! किती वेळा सांगू?"

वीरभद्रप्पांनी कपाळ पुसलं. माणूस वाईट नव्हता. उन्हातान्हात मोटारसायकलवरून शाळा पालथ्या घालून आणि वरच्यांचे फोन ऐकून पार वैतागला होता. "पालकालाच विचारू," म्हणत त्यांनी घागर घेऊन निघालेल्या गोजाबाईला हाक मारली. तिची सोनम तिसरीत, वाचनात सगळ्यांच्या पुढं.

"जूनपासून शाळा मंद्रूपला. पोरीला सोडताल न्हवं?"

"आन् मेंढरं कोण बघंल, सायेब?"

"मग एकटी धाडा."

"त्या रोडवर? परवा माजी दोन मेंढरं गेली ट्रकखाली. रिक्षा देनार हाय का सरकार?"

"न्हाई."

"मग न्हाई धाडत. वस्तीवरलं कुनीच धाडनार न्हाई. शिकली तेवडं बास. मेंढरामागं जाईल."

ती चालू लागली. दाक्षायणीबाई दारापर्यंत धावल्या. "गोजाबाई, अहो थांबा तरी! हुशार आहे हो पोरगी!" गोजाबाईनं वळून पाहिलं नाही. बाईंना रडू फुटलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

वीरभद्रप्पांचा चेहरा मात्र सकाळपासून पहिल्यांदाच सैल झाला. त्यांनी पेन उचलून बाईंपुढं धरलं.

"बघा बाई, मिटलं की. पोरं जाणारच न्हाईत, तर रिक्षा कशाला लागतीय?"