परतीची होडी

देवगडच्या जेटीवर पुण्याच्या तिघांनी नकाशा पसरला. विंडसर्फिंगच्या शिडाच्या फळीवर उभं राहायचं, वारा पाठीशी घ्यायचा आणि खुल्या समुद्रातून थेट मालवण! ड्रोन, सनस्क्रीन, तिथली सुरमई थाळी, परतीची एसी गाडी, सगळं ठरलं होतं. कुणी पाण्यात पडलंच तर उचलायला मागून भिवा तांडेलांची होडी.

"काका, वारा पाठीशी आहे. टेन्शन नाही."

"जाताना पाठीशी," म्हातारे तांडेल म्हणाले. "येताना तोच वारो तोंडार. लाटा आंगार घेत मी एकटोच येव?"

"ते तुम्ही बघा ना! समुद्र तुमचाच आहे."

किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधताना हे कुणाला आठवत नाही.

"बघलंय," तांडेल म्हणाले. "आमच्यात बरोबर जातत, ते बरोबर येतत. येताना तुमच्यातलो एकजण माझ्यावांगडा होडीत बसतलो. कोण ता सांगा, आत्ता निघतंय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं नकाशा गुंडाळला.

संध्याकाळी त्यांनी फळ्यांसोबतचा फोटो टाकला. तिघांचेही केस उडत होते. खाली लिहिलं होतं: 'वारा पडल्यामुळे मोहीम रद्द.'