निळा रंगवलेला बंब

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," निवृत्त फायरमन दाजी कोयंडे पाण्याच्या रांगेत सांगत होते, "पण हा टँकर म्हणजे माझा बंब! स्वतः धावायचा, स्वतः बोलायचा. कापूसगल्लीत आग लागली, आत तिघं अडकलेली, आणि हा भित्रा जागचा हलेना! शेवटी मीच याला खांद्यावर घेणार होतो!"

बायका हसल्या. सुलभा हसली नाही. त्या तिघांत तिचा नवरा होता.

पालिकेने बंबाला निळा रंग फासला, तेव्हा त्याची आठवणही पुसली असणार, असं दाजी धरून चालले होते.

सुलभाने हंडा नळीखाली धरला. पाणी थांबलं.

"दाजी, खोटं बोलताय," टँकर म्हणाला. "मी निघालो होतो. ब्रेक तुम्ही दाबलात."