फुलांवरच्या पिशव्या

आर्णीजवळच्या आमच्या कापूस संशोधन केंद्रात, परके पराग लागू नयेत म्हणून फुलांवर कागदी पिशव्या बांधतात.

"साहेब, थे पिशवी श्वास घेऊन राह्यली," मजुरीला येणारी मोतीबाई म्हणाली. सगळ्या बायांसमोर मी तिला खोटारडी म्हणालो. ती पुढच्या झाडाकडे वळली.

जेवणाच्या सुट्टीत मी चोरासारखा एकटाच पाहायला गेलो. पानही हलत नव्हतं. ती पिशवी मात्र फुगत होती, पुन्हा बसत होती. आत नुसतं फूल. मी श्वास रोखला, तशी तीही थांबली.

"दिसलं का, साहेब?" मागे मोतीबाई उभी होती, आणि साऱ्या बाया.

माझी मान वर होईना. "वारा आहे," मी म्हणालो.

हे बोलायला मी तोंड उघडताच वावरातली प्रत्येक पिशवी फुगली. बायांचे पदर हलले नाहीत.