बंडू जाते आज

मालिका सुरू व्हायला थोडा वेळ होता, पण अब्दुल गफ्फारच्या रजईच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अकोल्याच्या जुन्या शहरातली ती अख्खी गल्ली विकायच्या गाद्यांवर मांडी घालून बसली होती, आणि आज गफ्फारचाचा कोणाला ऊठ म्हणत नव्हते. त्यांचा जुबेर मुंबईहून आला होता. 'तंबू नंबर सात'मधला बंडू म्हणजे हाच. युद्धाच्या छावणीत भात शिजवणारा, मोठमोठ्या साहेबांना तोंडावर वऱ्हाडीत सुनावणारा बंडू आज मालिकेतून निरोप घेणार होता.

"कसा जाते बे?" गल्लीतल्या श्यामनं विचारलं. "बदली होते, का लगन?"

"पाह्य ना आता," जुबेर म्हणाला. त्याचं लक्ष दाराकडे होतं. शेजारच्या लीलाबाई अजून यायच्या होत्या.

लीलाबाईंचा नितेश जुबेरचा जिवाचा दोस्त. तोही बंडूसारखा फौजेत स्वयंपाकीच होता. वरच्या चौकीतल्या जवानांना जेवण पोचवायला निघाला आणि बर्फाच्या कड्यासोबत दरीत गेला. बंडूचं मान खाजवत बोलणं, मिशीतल्या मिशीत हसणं, ते उठसूट 'काहून सायेब?' – सगळं नितेशचं. जुबेरनं हे कधी लपवलं नाही. लीलाबाई दर रविवारी येऊन सगळ्यांच्या पुढे बसत आणि नव्या माणसाला सांगत, "हा माहा लेक हाय. जुबेर नुसता त्याच्या जागी उभा रायते."

चॅनेलवाल्यांना बंडूचं लग्न लावून त्याला वाजतगाजत घरी पाठवायचं होतं. जुबेर अडून बसला. असा माणूस असा जात नाही, म्हणाला, आणि कसा जातो तेही त्यानंच सांगितलं. लेखकानं तसंच लिहिलं. तेव्हा त्याला मोठा अभिमान वाटला होता. आज सकाळपासून मात्र तो दोनदा लीलाबाईंकडे जाऊन आला होता, आणि दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन परतला होता.

"बताया क्या उनको?" जुबेरच्या आईनं, अकीलानं, लेकाच्या कानाशी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात लीलाबाई आल्या. ठेवणीतली साडी नेसलेली. लोकांनी सरकून पुढची जागा करून दिली. जुबेर त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

"काकू, आजचा भाग नका पाहू."

"आजचाच काहून?"

"बंडू... जाते आज."

"जाते म्हणूनच तं आली ना मी. सरक, टीव्ही दिसू दे."

जुबेर मागे आईशेजारी जाऊन बसला. भाग सुरू झाला. अर्धा वेळ दुकान नुसतं खिदळत होतं. मेजरसाहेब डाळीला नाव ठेवत होते आणि बंडू सांगत होता, "सायेब, शत्रूची गोळी चुकवता येते, माही डाळ नाही चुकवता येत." मग वरच्या चौकीवर दोन दिवस जेवण पोचलं नसल्याचा निरोप आला. बंडूनं गरम डबे पाठीवर बांधले. मेजर म्हणाले, बर्फ घसरतोय, सकाळी जा. "सकाळपर्यंत भात थंडा होते ना," बंडू म्हणाला, आणि निघाला. चढावर मागे वळून ओरडला, "उरलेलं कुत्र्याले टाका, पण मेजरसायबाले देऊ नका!" आणि मिशीत हसला.

दुकान हसून लोळलं.

पुढच्याच दृश्यात तंबूत एक तरुण अधिकारी आला. हातात कागद नाही, काही नाही. म्हणाला, कडा कोसळला. बंडू वर पोचला नाही. संगीत वाजलं नाही. जवान ताटं घेऊन तसेच बसून राहिले. मग मेजर उठले, बंडूचा डाव हातात घेतला आणि एकेकाला वाढू लागले.

दुकानात कोणीतरी हुंदका दिला. अकीलानं लेकाचं मनगट घट्ट धरलं. तो जिवंत, शेजारी बसलेला, तरी धरलं. लीलाबाईंकडे पाहायची कोणाची छाती होईना. जुबेरची तर नाहीच.

लीलाबाई उठल्या. आता त्या निघून जाणार, असं वाटून लोकांनी वाट करून दिली. पण त्या गल्लीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"रडून काहून राहिले तुमी? वरचे पोट्टे उपाशी होते. त्याईले जेवू घालाले गेला माहा लेक. टाळ्या वाजवा!"

कोणाचे हात हलेनात. मग गफ्फारचाचांनी टाळी वाजवली. एक, दोन. मग श्यामनं. मग दुकान, ओटा आणि बाहेर रस्त्यावर उभे राहिलेले सगळेच. गल्ली दणाणली.

त्या गलक्यात लीलाबाई जुबेरपाशी आल्या. तो उठून उभा राहिला.

"काकू, मी तुमाले आधी इचाराले पायजे होतं..."

त्यांनी त्याच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग त्याच्या एकट्याच्या कानावर जाईल एवढ्याच आवाजात बोलल्या,

"नितेशच्या तेरवीले त्याचा सायेब आला होता. म्हणे, माताजी, वो हंसते हंसते गया. मले वाटलं, मायची समजूत काढून राहिला." त्यांनी पदरानं डोळे नाही, जुबेरचं कपाळ पुसलं. "आज दिसला मले."